दुसऱ्या वाडग्याची स्तुती

घरात एक कुत्रा सुखाने नांदत असताना दुसरा आणणं हा वेडेपणा आहे. कोणी तसं म्हणतं म्हणून नव्हे, हिशेबच तसा निघतो. तो हिशेब आधी मांडते आणि मग त्याच वेडेपणाची स्तुती करते. माणसाचं घर राहण्याजोगं ज्या थोड्या वेडेपणांनी केलं, त्यांत याचा मान मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

तर हिशेब. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, थेट सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि ती पुढे चालूच. मध्ये जंताचं औषध. पावसाळ्यात गोचीड. हा किडा कुत्र्याचं रक्त पिऊन खाली उतरतो आणि अंडी घालतो ती भिंतीच्या फटीत, खिडकीच्या चौकटीत, पलंगाच्या सांध्यात. एकेक मादी हजारोंनी घालते. म्हणजे कुत्री दोन झाली तरी साफ करायचं असतं सगळं घर. गोचीडताप एकाला झाला की दुसऱ्याचंही रक्त तपासायला द्यायचं. केस तर कणकेत येतात, देवघरात येतात, इस्त्रीहून आलेल्या साडीच्या घडीत येतात. एका कुत्र्याला बहीण चार दिवस आनंदाने ठेवून घेते. दोन म्हटल्यावर तिच्याकडे शब्द टाकतानाच जीभ अडखळते. एकाला रिक्षात घालून दवाखान्यात नेता येतं, दोघांना न्यायचं तर घरातलं आणखी एक माणूस लागतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकाच्या मागे धावताना तुझा चहा गार होतो, आता जेवणही गार करायचंय का?" त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आजही नाही.

या हिशेबातून सुटायला लोक एक शहाणं कारण शोधतात: पहिल्याला सोबत हवी. आपण कामावर जातो, तो दिवसभर एकटा असतो, दाराशी बसून रडतो, चपला फाडतो. दुसरा आणला की त्याचा जीव रमेल. ऐकायला हे इतकं समंजस वाटतं की घरातले विरोधकही गप्प होतात. मला मात्र याच कारणाची भीती वाटते. माणूस घराबाहेर पडला की जो कुत्रा कासावीस होतो, तो माणसासाठी होतो. त्याला दुसऱ्या कुत्र्याची उणीव भासत असतेच असं नाही. कुत्र्यांचं वागणं जाणणारे डॉक्टर हे पुन्हा पुन्हा सांगतात: आधी पहिल्याची घालमेल बरी करा, त्याला एकटं राहायला शिकवा, फिरवणं वाढवा, मग दुसऱ्याचा विचार करा. नाहीतर एक रडत होता तिथे दोन रडू लागतात, कारण दुसरा पहिल्याकडूनच शिकतो.

आणि खरा धोका त्याच्या पुढे आहे. दुसरा जर औषध म्हणून आणला, तर गुण आला नाही की औषध बदलतात. दत्तक देणाऱ्या रेस्क्यूवाल्या मुलींना विचारून पाहा. परत येणारी कुत्री बहुतेकदा अशाच शहाण्या कारणांनी गेलेली असतात: मुलांना जबाबदारी कळावी म्हणून, बंगल्याला राखण हवी म्हणून, आजोबांना विरंगुळा म्हणून, पहिल्याला सोबत म्हणून. मुलांना परीक्षा आली, बंगल्याला कॅमेरे लागले, आजोबा मुलीकडे राहायला गेले, की कुत्र्याचं काम संपलं आणि ते पिंजऱ्यात परत आलं. ज्याला कामावर ठेवलेलं असतं त्याला काढून टाकता येतं. ज्याला कशासाठीच आणलेलं नसतं, त्याला काढायचं कसं? कारण संपायला आधी कारण असावं लागतं.

मी ज्या वेडेपणाची स्तुती करते आहे तो हा. आमची मिरी आली तेव्हा घरात बंडू होता. लॅब्रेडॉर, वयाने पोक्त, पोटाने भरलेला, स्वभावाने समाधानी. त्याला सोबतीची काही गरज नव्हती. दुपारी खिडकीतून येणारं ऊन फरशीवरून सरकेल तसा तो सरकायचा आणि संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी ओट्यापाशी हजर व्हायचा. मिरी खालच्या पार्किंगमधली. काळी, चारही पंजे पांढरे, कानांमध्ये आणि अंगात काही प्रमाण नसलेली गावठी पोर. आई गाडीखाली गेली होती. मुलगी तिला टॉवेलात गुंडाळून वर घेऊन आली आणि म्हणाली, "आई, ठेवूया ना." यजमानांनी विचारलं, "कशासाठी?" मुलीने उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. द्यायला नव्हतंच. आणि मला त्याच वेळी वाटलं की हे बरं आहे. उद्या या पोरीने सोफा फाडला, बंडूशी तिचं पटलं नाही, भुंकून इमारत डोक्यावर घेतली, तरी आम्ही ज्यासाठी तिला आणलं ते फसलं असं कोणाला म्हणता येणार नाही.

मराठी माणसाला हे वेड नवीन नाही. नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने पोळी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की बाबा, कोरडी खाऊ नकोस. व्यवहारात पाहिलं तर पोळी गेलीच होती, आता वर तूपही घालवायचं. पोळी सोडवायला काठी घेऊन धावणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव कोणाला माहीत नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णेच्या काठी, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा त्याने भुंकून महाराजांना सावध केलं, अशी हकीकत सांगतात, आणि त्याला पालखीचा मान होता असंही सांगतात. आसपास छत्रपतींच्या घराण्यातल्यांच्या समाध्या, आणि त्यांच्यात एका कुत्र्याची. ज्या कारभाऱ्याने त्या बांधकामाचा खर्च खतावणीत लिहिला असेल, त्याने तो कोणत्या सदरात घातला असेल याचं मला फार कुतूहल आहे. दत्ताच्या तसबिरीत तर चार कुत्री असतात. चार वेद, असा त्यांचा अर्थ लावतात. पण चित्रकाराने त्यांना जिभा बाहेर काढून, शेपट्या वर करून, खऱ्या कुत्र्यांसारखंच रंगवलेलं असतं. ती आपल्या घरात भिंतीवर चालतात.

पण या वेडाचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भक्कम पुरावा जर्मनीत आहे. बॉन शहरात ओबरकासेल नावाचा भाग आहे. तिथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करताना मजुरांना एक दफन सापडलं: एक पुरुष, एक बाई, आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याची हाडं. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. शेती नाही, गाव नाही, धान्याची कोठी नाही. शिकार मिळाली तर जेवण, नाहीतर उपास. त्या हाडांचा पुन्हा बारकाईने अभ्यास झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. कुत्रा मेला तेव्हा २७-२८ आठवड्यांचा, म्हणजे पिल्लूच होता. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून दिसलं की १९व्या ते २३व्या आठवड्यांच्या दरम्यान तो तीनदा फार आजारी पडला होता. बहुधा डिस्टेंपर. ज्यांनी हा आजार घरात पाहिलाय त्यांना मी सांगायला नको: नाका-डोळ्यांतून पू, उलट्या, जुलाब, ताप, पुढे झटके. आजही सलाइन आणि इंजेक्शनं देऊन यातली कितीतरी पिल्लं हातची जातात. त्या काळात तो आठवडेच्या आठवडे तगला याचा अर्थ अभ्यासकांनी एकच लावला: कोणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलं, त्याची घाण पुसली. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. राखणीला नव्हता. तो पुढे बरा होऊन कामाला येईल अशी आशाही फारशी नसावी. माणसाने कुत्रा पाळला तो शिकारीसाठी, राखणीसाठी, असं आपण शाळेपासून शिकत आलो. या पिल्लाच्या बाबतीत तो हिशेब लागत नाही.

आणि त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, जी मी वाचली तेव्हा तिथेच थांबून घरात सगळ्यांना वाचून दाखवली. त्या हाडांमध्ये एक दात वेगळा होता. त्या पिल्लाचा नव्हता. तो दुसऱ्या कुत्र्याचा होता, वयाने मोठ्या आणि अंगाने लहान. म्हणजे त्या दोन माणसांबरोबर कुत्री दोन होती. माणसाने कुत्र्याला मायेने पुरल्याचा इतका जुना दाखला दुसरा माहीत नाही, आणि त्यातही एकावर भागलेलं नाही. कोणत्या कारणाने तो दात तिथे आला हे हाडं सांगत नाहीत. पण वयस्क कुत्रं घरात असताना आजारी पिल्लाशी रात्र-रात्र बसणारं माणूस मला अनोळखी वाटत नाही. आमच्या इमारतीत तसं एक घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि एक आमचं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. वेड निर्णयात असावं, वागण्यात नाही. जे लोक मायेने पिल्लू उचलतात आणि थेट नेऊन जुन्या कुत्र्याच्या नाकासमोर ठेवतात, त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण दोन्ही जिवांवर तो अन्याय आहे. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या अंगात पार्व्हो असू शकतो. लागण झाल्यावर तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात, तोवर पिल्लू हसतं-खेळतं असतं. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसावी लागते. म्हणून मिरी आली ती मागच्या बाल्कनीच्या खोलीत राहिली, तिचा टॉवेल वेगळा, वाडगा वेगळा, तिच्याकडे जायच्या चपला वेगळ्या. बंडूला दाराखालच्या फटीतून फक्त वास मिळायचा. तो तिथे नाक लावून पडून राहायचा आणि आतून एक काळं नाक यायचं. दोघांची ओळख खरं तर त्या फटीतच झाली.

समोरासमोर आणलं ते वेताळ टेकडीवर. घर बंडूचं होतं, तिथे नवख्याला आत घेणं म्हणजे त्याच्या हद्दीत घुसवणं. टेकडी दोघांचीही नव्हती. यजमानांकडे बंडू, माझ्याकडे मिरी, मध्ये चांगलं अंतर, आणि दोघांनाही एकाच दिशेने चालवायचं. एकमेकांकडे तोंड करून उभं करायचं नाही. कुत्र्यांच्या रीतीत डोळ्याला डोळा भिडवणं हे आव्हान असतं. पट्टा ढिला ठेवायचा. पट्टा ताणला की ताण हातातून कुत्र्याच्या मानेत उतरतो आणि त्याला वाटतं, पुढे नक्की काहीतरी धोक्याचं आहे. चालता चालता अंतर कमी होत गेलं. बंडूने एका दगडावर मुतून घेतलं, मिरीने तो दगड खूप वेळ हुंगला, मग ती वळसा घालून त्याच्या मागच्या बाजूने आली. बंडू थबकला. शेपूट ताठ, तोंड मिटलेलं. यजमान हळूच म्हणाले, "थांब, काही बोलू नकोस." मग त्याने मान बाजूला वळवली, एक मोठी जांभई दिली आणि अंग झटकलं. इतकंच झालं आणि माझ्या खांद्यांतला ताण उतरला, कारण अशा वेळी जांभई आणि झटकणं ही सहसा कुत्रा वाद टाळत असल्याची, ताण उतरवत असल्याची खूण असते. मिरीने लगेच पुढचे पाय जमिनीवर पसरले, ढुंगण वर केलं आणि त्याच्या तोंडावर भुंकली. खेळायचं आमंत्रण. बंडूने ते त्या दिवशी स्वीकारलं नाही. पुढे स्वीकारलं, आणि आता तोच आधी वाकतो.

वाडगे अजूनही वेगळ्या खोल्यांत असतात. खाण्यावरून गुरगुरणं हा कुत्र्याचा दुष्टपणा नव्हे. पोट सांभाळायची ती जुनी रीत आहे, आणि तिची परीक्षा घेत बसण्यात शहाणपण नाही. बंडू आणि मिरी, नर आणि मादी, ही जोडीही योगायोगाने बरी जमली. दोन माद्यांची घरात भांडणं लागली तर ती सहसा वाईट असतात, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. नसबंदी दोघांचीही. नराची झाली तरी पुढचे काही आठवडे तो बाप होऊ शकतो, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि ६३ दिवसांनी कळतं. दोन सख्खी पिल्लं एकदम आणणाऱ्यांना मी हात जोडून थांबवते: ती पुष्कळदा एकमेकांतच इतकी गुंततात की माणसाचं ऐकायला शिकत नाहीत आणि एकमेकांवाचून राहायलाही शिकत नाहीत. पहिला दोन-तीन वर्षांचा होऊ द्यावा, बोलावल्यावर येऊ लागू द्यावा, मग दुसरा.

सोसायटीचं म्हणाल तर आमचे सेक्रेटरी काका वर आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, एक ठीक होता हो. दोन म्हणजे लोक बोलतात." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; लिफ्टमध्ये कुत्र्याला घाबरणारी मुलं आहेत, त्यांच्या आया आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचना मी त्यांना दाखवल्या. ठराव करून, अगदी बहुमतानेसुद्धा, संस्थेला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. पण त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनाही सांगितलंय की पट्टा लावा, घाण उचला, शेजाऱ्यांचा विचार करा. ते पानही मी त्यांना दाखवलं. आता आम्ही मुलांच्या शाळेच्या वेळा सोडून उतरतो. दोन कुत्र्यांना एकदम लिफ्टमध्ये नेत नाही. काका परवा मिरीला बिस्किट द्यायला लागले तेव्हा मीच त्यांना थांबवलं, त्या बिस्किटात मनुका होत्या, आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात.

सोसायटीपलीकडे पाहिलं तर राज्यघटनेच्या ५१-अ कलमात सजीवांविषयी दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून देशभर जो वाद पेटला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला सगळी कुत्री निवाऱ्यांत हलवा म्हटलं आणि २२ तारखेला तो आदेश बदलला: नसबंदी आणि लस करून आपापल्या जागी परत सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी सोडून. त्या दुसऱ्या आदेशात दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांसाठीही वाट ठेवली आणि एक अट घातली: घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर यायचा नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्या अटीकडे फारसं पाहिलं नाही. मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जो हिशेब करून घेईल त्याला ती जाचेल. जो वेडाने घेईल त्याला ती अट वाटणारच नाही, घेतला वसा टाकायचा नाही हे आपल्याकडे बायकांना कहाणी ऐकतानाच शिकवलेलं असतं.

तरीही प्रत्येक घराने हे वेड करावं असं मी म्हणणार नाही. पहिला कुत्रा म्हातारा असेल, सांधे दुखत असतील, डोळ्यांना कमी दिसत असेल, तर त्याच्या अंगावर पिल्लाचे दात सोडू नका. त्याची उरलेली वर्षं त्याला निवांत मिळू देत. घर भाड्याचं असेल आणि मालकाचं मन दर अकरा महिन्यांनी बदलत असेल तर थांबा. घरात बाळ येणार असेल तर थांबा. अर्ध्या रात्री एकाला घेऊन दवाखान्यात धावताना दुसऱ्यापाशी कोणी थांबायला नसेल, तरीही थांबा. पण वेड अंगात आलंच असेल तर ते वाया घालवू नका. तुमच्या गल्लीत एखादी कुत्री असेल जिचा कान अजून कापलेला नाही. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात, ती खाच नाही म्हणजे ती वर्षातून एक-दोनदा माजावर येणार, पुन्हा विणार, आणि तिची कितीतरी पिल्लं तुमच्याच डोळ्यांदेखत जाणार. महापालिकेला किंवा जवळच्या प्राणी संस्थेला फोन लावा. कुत्री पकडायची गाडी येईल तेव्हा स्वतः खाली उतरा, कारण ती तुमच्याच हाकेला येईल, त्यांच्या नाही. तीन-चार दिवसांनी तिला तिच्याच जागी सोडलंय ना, टाके कोरडे आहेत ना, हे वाकून बघा. आणि रेबीजची लस झाल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी ती कोणाला आठवणार नाही.